जलदुर्गाची झीज नोंदवताय? या चुका टाळा

पावसाळा सरला की जलदुर्गांची पडझड नोंदवायला नवी मंडळी येतात, आणि दरवर्षी त्याच चुका करतात.

पहिली म्हणजे ओहोटीची वेळ बघून त्याच वेळेला वाळूत उतरणं. अहो, ओहोटी साडेसातला असेल तर साडेसातला काम आवरत आलेलं हवं! एकदा आश्विनातल्या द्वितीयेला आम्ही अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या पायथ्याशी होतो. आपल्या किनाऱ्यावर तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. द्वितीया म्हणजे दोनची पाऊणपट, दीडला भरती, आणि साधारण सहा तास आधी, साडेसातला ओहोटी. एक गडी नऊला उगवला. म्हणे, "पाणी कुठे हललंय अजून?" पाणी वळल्यावर पहिल्या तासात जेमतेम सरकतं, तिसऱ्या-चौथ्या तासात मात्र निम्मी भरती आत येते. त्यात उधाणाचे दिवस. साडेदहाला आम्ही कमरेएवढ्या पाण्यातून परत. वही भिजली, शाईने लिहिलेली सकाळभरची मापं वाहून गेली. तेव्हापासून मी पेन्सिल वापरतो, आणि ओहोटीच्या दोन तास आधी उतरतो. आधी पंचांग, मग ॲप.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते. मूळ बांधकाम न समजता 'झीज' लिहायची! कुलाब्याच्या तटाचे मोठाले चिरे चुन्याशिवायच रचलेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. तिथे "चुना धुपून गेला" असं लिहिलेली वही मी पाहिली आहे. मुरूडजवळच्या पद्मदुर्गावर नेमकं उलटं. तिथे दगड झिजून आत गेलाय आणि चुन्याच्या रेघा मधमाशीच्या पोळ्यासारख्या बाहेर उभ्या आहेत. खारं पाणी दगडात मुरतं, सुकताना मिठाचे खडे होतात, ते दगड आतून फोडतात. तो चुना बघून "मग सिमेंट भरलं तर आणखी टिकेल" म्हणणारा एक तरी भेटतोच. सिमेंटने सांधे बुजवले की ओल दगडातूनच बाहेर पडणार, म्हणजे दगडच आधी जाणार. मी तर सांध्याला बोटही लावत नाही, फक्त खोली मोजतो.

बाकीचं थोडक्यात. फोटोत मापपट्टी ठेवा. चप्पल म्हणजे माप नव्हे. दरवर्षी त्याच जागेवरून फोटो घ्या. शेवाळ खरवडू नका. वाळू सरकून खापरी उघडी पडली तर जागेवरच फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. खिशात घातलेली खापरी घरच्या शोकेसपलीकडे कुणाला काही सांगत नाही. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका, आणि परवानगी असली तरी आधी एकदा तटाभोवती पायी फिरून या. हे पायी फिरणंच कुणाला नको असतं.