गोव्यात बसून आपली चित्रकथा ऑनलाइन कशी विकावी

गोव्यात मराठीतून चित्रकथा काढणाऱ्या कलावंताची अडचण दुहेरी असते. त्याच्या भाषेचा मोठा वाचकवर्ग मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव अशा राज्याबाहेरच्या शहरांत विखुरलेला असतो, आणि पणजी-कळंगुटच्या ज्या दुकानांत चित्रे विकली जातात तिथले गिऱ्हाईक बहुतांशी पर्यटक असल्यामुळे मराठी संवाद असलेले पुस्तक तिथे क्वचितच उचलले जाते. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा या भागांत मराठी वाचणारी घरे पुष्कळ आहेत, पण तिथे चित्रकथा मांडून ठेवणारे दुकान सापडणे कठीण. त्यामुळे ऑनलाइन विक्री हाच त्याचा मुख्य मार्ग ठरतो.

या मार्गाला लागताना एक गोष्ट आरंभीच मनाशी पक्की करावी. ॲपवरचे फॉलोअर त्या ॲपच्या ताब्यात असतात, आणि त्यांच्यापर्यंत तुमचे चित्र पोहोचवायचे की नाही हे तेच ॲप ठरवते. ज्यांचा ईमेल, फोन क्रमांक किंवा टपालाचा पत्ता त्यांच्या संमतीने तुमच्या वहीत आहे, तेवढेच वाचक खऱ्या अर्थाने तुमचे. पुढची बहुतेक खटपट ही वही वाढवण्यासाठी आहे.

आधी एक पूर्ण काम

विकायला काढण्यापूर्वी एक छोटी, पण पूर्ण गोष्ट हातात असू द्यावी. दोनशे पानांच्या महाकथेची पहिली बारा पाने दाखवून वाचक जोडण्यापेक्षा चोवीस पानांत सुरू होऊन संपणारी कथा कितीतरी जास्त उपयोगी पडते, कारण अनोळखी लेखकाची अपुरी गोष्ट विकत घ्यायला कोणी सहसा तयार होत नाही.

चहाचे मग, स्टिकर आणि टी-शर्ट यांपासून सुरुवात करण्याचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. लोटलीचे मारिओ मिरांडा (१९२६–२०११) यांची चित्रे आज गोव्यात टाइल्सवर, मगांवर आणि पोस्टकार्डांवर सर्वत्र दिसतात, पण त्या वस्तूंच्या आधी कित्येक दशके ती चित्रे वृत्तपत्रांतून आणि साप्ताहिकांतून लोकांच्या नजरेत भरली होती. पात्र ओळखीचे झाले की त्याचा मग विकला जातो. अनोळखी पात्राच्या मगाला दुकानातल्या इतर शंभर मगांशी झुंजावे लागते.

अक्षरे आणि फाइल

मराठी चित्रकथेत सर्वाधिक हेळसांड अक्षरांची होते. संवाद हाताने लिहिणार असाल तर उत्तमच. टाइप करणार असाल तर युनिकोड फॉन्ट वापरावा आणि त्याचा परवाना तपासावा. मुक्त, बालू, कलम यांसारखे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याचे असल्यामुळे विक्रीच्या पुस्तकातही निर्धास्तपणे वापरता येतात. फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगमधली ‘वर्ल्ड-रेडी’ मांडणी सुरू केलेली नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडते आणि जोडाक्षरे फुटतात, आणि फुग्यातला असा एक तुटका शब्द सगळ्या पानाची रया घालवतो. छापखान्याला फाइल देण्यापूर्वी मजकुराचे आउटलाइनमध्ये, म्हणजे अक्षरांच्या आकृत्यांत, रूपांतर करावे, म्हणजे त्यांच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी बिघडत नाही.

चित्राच्या आतला मजकूर शोधयंत्राला भरवशाने वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक पोस्टखाली कथेचे नाव, विषय, गावाचे नाव आणि एक-दोन संवाद देवनागरी युनिकोडमध्ये लिहावेत, आणि चित्राचे वर्णन देण्याची जी सोय इन्स्टाग्राम व फेसबुकवर आहे तीही वापरावी. दृष्टिहीन वाचकाला तेवढाच आधार असतो.

दाखवायचे काय

इन्स्टाग्रामवर उभ्या चित्रासाठी १०८० × १३५० पिक्सेल हे माप सोयीचे पडते आणि एका पोस्टमध्ये वीसपर्यंत चित्रे बसतात. छापील पान जसेच्या तसे टाकले तर फोनवर अक्षरे मुंगीएवढी होतात, म्हणून प्रत्येक चौकट सुटी करून नव्याने मांडावी आणि घरातल्या सर्वांत लहान फोनवर ती वाचून पाहावी. इंग्रजी आवृत्तीही काढणार असाल तर वेबटून या चित्रकथांच्या ॲपच्या कॅनव्हास विभागात ८०० पिक्सेल रुंदीची, वरून खाली सरकणारी मांडणी लागते आणि त्यासाठी पाने जवळजवळ नव्याने रचावी लागतात. हे काम सवडीने, दुसऱ्या टप्प्यात करावे.

पहिली चौकट निवडताना शीर्षकाचा फलक टाकण्यापेक्षा कथेतला एखादा क्षण घ्यावा. चवथीवरची, म्हणजे गणेश चतुर्थीवरची, कथा असेल, तर गणपतीसमोर स्टुलावर उभा राहून माटोळीला (गणपतीच्या वर फळे-पाने टांगण्याच्या चौकटीला) कांगलां ही रानफळे बांधणारा काका, खाली हात उंचावून माटुलिंग हे फळ धरलेला मुलगा आणि दोघांच्या मध्ये लोंबणारी सुटलेली दोरी एवढे एकच चित्र दाखवावे. ज्याच्या घरी माटोळी सजते तो तिथेच थांबतो, आणि ज्याने ती कधी पाहिलेली नाही त्यालाही हे काय चालले आहे याची उत्सुकता वाटते. गोव्याबाहेरच्या वाचकासाठी प्रत्येक वस्तूला तळटीप जोडू नये. चित्र नीट असेल तर अर्थ कळतो. पात्रे कोकणीतून बोलत असतील आणि निवेदन मराठीत असेल, तरी कोल्हापूरचा वाचक फारसा अडखळत नाही.

कच्च्या पेन्सिल रेखाटनापासून शाईपर्यंतचा प्रवास दाखवणाऱ्या पोस्ट लोकांना आवडतात, परंतु कथेचा शेवट आणि निदान एक-तृतीयांश पाने पुस्तकासाठी राखून ठेवावीत. आठवड्यातला एक वार ठरवून त्याच दिवशी पोस्ट करावी, आणि निदान महिनाभराचे साहित्य तयार झाल्याखेरीज तो वार जाहीर करू नये.

वाचकांची वही

प्रत्येक पोस्टच्या शेवटी एकच विनंती असावी: पुढचा भाग थेट हवा असेल तर या दुव्यावर नाव नोंदवा. त्या बदल्यात चार पानांची एखादी स्वतंत्र लघुकथा पीडीएफ स्वरूपात भेट द्यावी. ईमेल उघडण्याची सवय सगळ्या मराठी वाचकांना नसते, त्यामुळे व्हॉट्सॲपचाही विचार करावाच लागतो. तिथल्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो निरोप मिळतो. म्हणून नाव नोंदवणाऱ्याला ‘हा क्रमांक साठवून ठेवा’ असे पहिल्याच संदेशात सांगावे. व्यवसायासाठीच्या व्हॉट्सॲपमध्ये कॅटलॉग मांडता येतो, तो जरूर भरावा. न विचारता कोणालाही गटात ओढू नये आणि महिन्याला दोनपेक्षा अधिक निरोप पाठवू नयेत.

डिसेंबरात पणजीत भरणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवासारख्या निमित्तांनी, किंवा गावच्या जत्रेत एखाद्या ओळखीच्या दुकानदाराच्या टेबलाचा कोपरा मिळाला तर तिथेही, नोंदणीचा क्यूआर कोड छापलेले एक पोस्टकार्ड लोकांच्या हाती द्यावे.

छपाई आणि किंमत

मधोमध पिन मारलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत असावी लागतात. ए-५ म्हणजे १४८ × २१० मिलिमीटर आकार, चित्रे ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके), चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापणीसाठी जादा सोडलेली कड) आणि रंग सीएमवायके (छपाईच्या चार शायांची पद्धत), एवढे सांभाळले की छापखान्याशी अर्धे वाद टळतात. पडद्यावर दिसणारा पावसाळी शेताचा पोपटी हिरवा आणि समुद्राचा झळझळीत निळा छपाईत मंदावतो, म्हणून पैसे देण्याआधी निदान एका रंगीत पानाचे प्रूफ मागावेच. शंभर-दोनशे प्रतींसाठी डिजिटल छपाई परवडते; मोठ्या संख्येच्या ऑफसेट छपाईचा विचार मागणी सिद्ध झाल्यावर करावा. आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख-क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेमार्फत विनामूल्य मिळतो आणि व्यक्तीलाही स्वतःच्या पुस्तकासाठी अर्ज करता येतो.

किंमत ठरवताना संकोच सोडून कागदावर आकडे मांडावेत. समजा, एका प्रतीची छपाई ५५ रुपये आणि किंमत १८० रुपये आहे. दुकानदाराने ४० टक्के कमिशन घेतले तर त्याचे ७२ रुपये जाऊन तुमच्या हाती १०८ येतात आणि छपाई वजा जाता ५३ उरतात. तीच प्रत वाचकाने थेट घेतली तर पेमेंट गेटवेचे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचे, दोन टक्के म्हणजे सुमारे ४ रुपये आणि पॅकिंगचे १२ रुपये छपाईसह वजा करूनही १०९ उरतात. किंमत १०० ठेवली असती तर दुकानातून केवळ ५ रुपये सुटले असते. मित्रांना परवडावे म्हणून ठरवलेली किंमत पुढची आवृत्ती काढू देत नाही. टपालखर्च वेगळा आणि स्पष्ट लिहावा.

आगाऊ नोंदणीचा काळ निवडताना मराठी वाचकाची जुनी सवय लक्षात घ्यावी. १९०९ पासून चालत आलेल्या दिवाळी अंकांच्या परंपरेमुळे दिवाळीच्या सुमारास वाचनासाठी पैसे काढून ठेवणारी घरे आजही आहेत. चवथीच्या दिवसांत नोंदणी उघडून दिवाळीपूर्वी प्रती पोहोचवणे म्हणूनच सोयीचे ठरते. मात्र छापखान्याने तारीख लेखी दिल्याशिवाय लोकांकडून पैसे घेऊ नयेत.

पैसे आणि डिजिटल प्रत

देशातल्या वाचकासाठी यूपीआय पुरेसे आहे. ऑर्डर वाढल्या की रेझरपेसारख्या सेवेचे पेमेंट पान करून त्यातच पत्ता भरून घ्यावा. पेपालवरून १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे घेता येत नाहीत, पण आखातात किंवा लिस्बनमध्ये राहणाऱ्या गोमंतकीय वाचकाला डिजिटल प्रत विकण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

किंडलवर मराठी ई-पुस्तक काढता येते, परंतु चित्रकथेला तिथला ७० टक्के रॉयल्टीचा पर्याय बहुधा महागात पडतो. त्या पर्यायात प्रत्येक विक्रीमागे फाइलच्या दर एमबीला ७ रुपये कापले जातात. १४९ रुपयांच्या आणि २० एमबीच्या पुस्तकातून १४० रुपये आधीच वजा होतात, उरलेल्या ९ रुपयांचे ७० टक्के म्हणजे जेमतेम ६ रुपये मिळतात. ३५ टक्क्यांच्या पर्यायात ही कपात नसल्यामुळे साधारण ५२ रुपये सुटतात. आकडा मोठा दिसतो म्हणून पर्याय निवडू नये.

छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, मात्र पोस्टर, स्टिकर, मग अशा वस्तूंवर तो आहे. दोन्ही विकणार असाल तर नोंदणीबाबत सीएचा सल्ला घ्यावा आणि दोन्ही विक्रींचे हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत.

टपाल आणि पावसाळा

टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली आहे. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक स्वरूपाची छापील पुस्तके तिच्यातून जातात. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये असा दर जाहीर झाला असून कर वेगळा आहे. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव लागते, आणि जाहिराती किंवा नियतकालिके चालत नाहीत. पहिला गठ्ठा नेण्याआधी एक प्रत घेऊन जाऊन पोस्टमास्तरांना दाखवावी. १३० जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅम) वजनाच्या कागदावरची चोवीस पाने आणि जाड मुखपृष्ठ मिळून पुस्तिकेचे वजन ६५ ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे पुठ्ठ्यासह दोन प्रती ३०० ग्रॅममध्ये सहज बसतात. दोन प्रतींना टपालखर्च तोच, हे वाचकाला आवर्जून सांगावे. घाईच्या ऑर्डरसाठी स्पीड पोस्ट वापरावे.

जून ते सप्टेंबर या काळात गोव्याच्या हवेत कागद ओलावा धरतो, मुखपृष्ठे वळतात आणि बंद कपाटात बुरशी येते. प्रती जमिनीपासून उंच, सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. पाठवताना आधी प्लास्टिकची पिशवी, मग पुस्तिकेहून सेंटिमीटरभर मोठे दोन पुठ्ठे आणि वरून कागद असा क्रम ठेवावा. ‘वाकवू नये’ असे लिहिल्याने पुस्तक वाचत नाही, पुठ्ठ्याने वाचते.

हक्क

चित्र काढले त्या क्षणी त्याचा कॉपीराइट निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही. तो लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकतो. गोव्यात हॉटेले आणि कॅफे भिंतीवर किंवा मेनूवर चित्रे काढून घेतात, तेव्हा मात्र फार सावध असावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, कोणी मोबदला देऊन पेंटिंग किंवा व्यक्तिचित्र काढून घेतले आणि उलट करार नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा ठरतो. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी चित्र कुठे, किती काळ, कोणत्या वस्तूंवर वापरले जाईल आणि पात्राचे हक्क तुमच्याकडेच राहतील, हे ईमेलवर का होईना पण लिहून घ्यावे. हक्क सोपवण्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत धरतो. ‘सर्व हक्क कायमचे’ हे शब्द दिसले तर मोबदला अनेक पटींनी वाढवून मागावा, किंवा ते शब्द खोडायला लावावेत.

चित्रे परस्पर फिरणारच, म्हणून सही आणि हँडल (ॲपवरचे आपले नाव) पानाच्या कडेला न ठेवता चौकटीच्या आत, भिंतीवर किंवा होडीच्या कडेवर असे लिहावे की कापले तर चित्रच मोडेल. विक्रीसाठी कोणी ते वापरले तर मूळ थरांची फाइल आणि पहिल्या पोस्टची तारीख जोडून त्या ॲपकडे कॉपीराइटची तक्रार नोंदवावी. यासाठी प्रत्येक कथेच्या मूळ फाइली दोन वेगळ्या ठिकाणी जपाव्यात, आणि त्यांतली एक जागा घराबाहेरची असावी.