विभागाच्या फलकावर नाव लागण्याआधी: बायोमेडिकल इंजिनिअरिंगमध्ये संशोधनाला येणाऱ्यांसाठी

बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या बहुतेक विभागांत जिन्याजवळ एक फलक असतो. अमुक पेटंट, तमुक जर्नलमधला पेपर, एखादा राष्ट्रीय पुरस्कार. एम.टेक. किंवा पीएच.डी.ला नव्याने आलेल्याला तो वाचून वाटतं की आधी काम चांगलं करायचं, मग या गोष्टी एकामागून एक येतील. पण या गोष्टी एकमेकींच्या आड येतात. पेपर आधी छापला तर पेटंट हातचं जातं. परवानगीआधी रुग्णांची मोजमापं घेतली तर पेपरच छापता येत नाही. डॉक्टरांशी लेखी करार नसेल तर पेटंटचा अर्ज सहीपाशी अडतो. कशानंतर काय, हे पहिल्या सहा महिन्यांत ठरवावं लागतं, आणि गाईडशी सर्वांत आधी बोलायचं ते याबद्दल.

विषय शोधायला ओपीडीत जाऊन बसा. आयआयटी मुंबईत २०१४ साली राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र सुरू झालं, पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी त्यात आले. डॉक्टर, इंजिनिअर आणि डिझायनर यांनी एकत्र बसून गरज आधी नीट लिहायची आणि मग उपकरणाकडे वळायचं, ही तिथली पद्धत कुठल्याही विभागाने उचलावी अशी आहे. ओपीडीत डॉक्टर काय सांगतात त्याइतकंच इतर काय करतात ते टिपा. उपकरण हातात कोण घेतं, सिस्टर की वॉर्डातल्या मावशी? एका रुग्णाला किती मिनिटं मिळतात? प्लगपॉइंट खाटेपासून किती लांब आहे? पुसतात कशाने? स्पिरिटने पुसत असतील तर ॲक्रिलिकची पेटी बाद, कारण स्पिरिटने ॲक्रिलिकला बारीक तडे जातात. प्रयोगशाळेत सुंदर दिसणारी पेटी वॉर्डात अशी फुकट जाते.

त्यानंतरचं पाऊल म्हणजे एथिक्स कमिटी, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणारी समिती, आणि नवख्यांची गाडी सर्वांत जास्त इथेच अडते. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून मगच अर्जाला हात घाला. संस्थेची कमिटी आणि रुग्णालयाची कमिटी अशा दोन्हींची मंजुरी लागू शकते, आणि कमिट्यांच्या बैठका ठरलेल्या तारखांनाच होतात. एक शंका काढून अर्ज परत आला की पुढच्या बैठकीपर्यंत थांबणं आलं. म्हणून पहिला अर्जच पुरा हवा: प्रोटोकॉल, सहभागींसाठी माहितीपत्रक, संमतीपत्र, नोंदींचा फॉर्म, संशोधकांचे बायोडेटा, खर्चाचा तपशील आणि उपकरणाच्या विद्युत-सुरक्षेचा अहवाल. मागाहून मंजुरी मिळत नाही. ‘नुसते दहा जणांचे सिग्नल घेऊन बघतो’ म्हणून घेतलेला डेटा कायमचा निकामी ठरतो आणि त्यावरचा पेपर चांगलं जर्नल घेत नाही.

मराठी माहितीपत्रकाकडे फार दुर्लक्ष होतं. इंग्रजी मसुदा शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणला की ‘सदर उपकरण अनाक्रमक स्वरूपाचे आहे’ असं काहीतरी तयार होतं. ते रुग्णाला कळत नाही, आणि न कळता घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे. तिथे सरळ लिहा: ‘सुई टोचली जाणार नाही. रक्त घेतलं जाणार नाही. छातीवर तीन चिकटपट्ट्या लावून दहा मिनिटं बसावं लागेल. तुम्ही नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काहीही फरक पडणार नाही.’ मग दुसऱ्या कोणाकडून ते परत इंग्रजीत करून घ्या आणि मूळ मसुद्याशी ताडून पाहा. कमिट्या हा उलटा अनुवाद मागतात.

सहभागी किती, याचं उत्तर ‘तीस’ असं हवेतून काढू नका. रक्तदाब मोजण्याचं उदाहरण घ्या. कफच्या स्वयंचलित मापकासाठीचं आयएसओ ८१०६०-२ हे मानक किमान ८५ जण मागतं. संदर्भ म्हणून घेतलेल्या मोजमापाशी सरासरी फरक पाऱ्याच्या ५ मिमीच्या आत आणि प्रमाण विचलन ८ मिमीच्या आत हवं. शिवाय वरचा दाब १६० किंवा अधिक असलेली आणि १०० किंवा कमी असलेली मोजमापं प्रत्येकी किमान ५ टक्के हवीत. होस्टेलच्या तीस निरोगी मुलांवर घेतलेल्या चाचणीत चूक कमीच दिसणार, कारण सगळ्यांचाच दाब १२०च्या आसपास. ज्यांचा दाब खरोखर चढलेला किंवा उतरलेला आहे तिथे उपकरणाचा कस लागतो, आणि जर्नलसाठी पेपर तपासणारा रिव्ह्यूअर पहिला प्रश्न तोच विचारतो. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या नोंदवहीत, नोंदणी करा. तिला पैसे पडत नाहीत. भारतात २०१७च्या मेडिकल डिव्हाइसेस रूल्सप्रमाणे उपकरणं धोक्यानुसार ए, बी, सी, डी अशा वर्गांत पडतात. चाचणीसाठी मोजके नग बनवायचे तर त्याचा परवाना, एमडी-१३, वेगळा घ्यावा लागतो. हे कागद पहिल्या वर्षातच मार्गी लावा.

आता हार्डवेअर. ईसीजीची पट्टी हे विभागात वरचेवर निघणारं काम, म्हणून त्यावरूनच पाहू. ब्रेडबोर्डवरचं सर्किट यूएसबीने लॅपटॉपला, लॅपटॉप चार्जरला आणि इलेक्ट्रोड मित्राच्या छातीवर, हे दृश्य प्रयोगशाळेत दिसलं की ताबडतोब थांबवा. भिंतीतली वीज आणि माणूस यांच्यामध्ये अशा वेळी फक्त तो चार्जर असतो. वैद्यकीय विद्युत-उपकरणांच्या सुरक्षेचं मानक आयईसी ६०६०१-१, त्यानुसार बीएफ प्रकारच्या (अंगाला लागणाऱ्या, पण थेट हृदयाला नाही अशा) जोडणीत रुग्णाच्या अंगातून जाणारा गळती-प्रवाह नेहमीच्या स्थितीत १०० मायक्रोअँपिअरच्या आत आणि एखादा दोष उद्भवल्यावर ५००च्या आत हवा. हृदयाशी थेट संबंध येणाऱ्या सीएफ प्रकारात हेच आकडे १० आणि ५० आहेत. बॅटरीवर चालवा, डेटा ब्लूटूथने किंवा आयसोलेटरमधून घ्या, आणि गळती-प्रवाह मोजून अहवाल फाइलला लावा.

सिग्नलमध्ये ५० हर्ट्झची, म्हणजे भिंतीतल्या विजेची, गुणगुण दिसली की सगळे तेवढीच गाळणारा नॉच फिल्टर लिहायला बसतात. आधी इलेक्ट्रोड बघा. पाकीट उघडून आठवडा झाला असेल तर जेल सुकलेलं असतं. त्वचा गॉझने हलकेच घासून पुसली नसेल तर संपर्काचा अडथळा वाढतो, दोन इलेक्ट्रोडमध्ये तो असमान होतो आणि गुणगुण आत शिरते. दुसरी चूक जास्त महागात पडते. रेघ वरखाली हलू नये म्हणून खालची मर्यादा ०.५ हर्ट्झवर ठेवलेला साधा ॲनालॉग फिल्टर एसटी भाग, म्हणजे झटका ओळखायला ईसीजीचा जो तुकडा पाहतात तो, वाकवतो. लयीवर नजर ठेवायला हे चालेल, पण हृदयविकाराच्या झटक्याबद्दल काही म्हणायचं असेल तर ०.०५ हर्ट्झपर्यंत खाली जावं लागतं. कार्डिओलॉजिस्टसमोर सादरीकरण करताना हा प्रश्न येतोच.

मग सॉफ्टवेअर, आणि इथला एक दोष इतका पसरलेला आहे की त्यावर जरा थांबायला हवं. हृदयाच्या ठोक्यांचं वर्गीकरण शिकताना बहुतेक जण एमआयटी-बीआयएच हा ईसीजी नोंदींचा खुला संच घेतात. त्यात अर्ध्या अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी आहेत, सेकंदाला ३६० नमुने. पण माणसं ४७, कारण २०१ आणि २०२ या नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत. सगळे ठोके एकत्र कालवून ८० टक्के शिकवायला आणि २० टक्के तपासायला ठेवले, की एकाच रुग्णाचे शेजारशेजारचे ठोके दोन्हीकडे जातात. मॉडेल मग आजार ओळखत नाही, माणूस ओळखतं. अचूकता ९९ टक्के येते आणि नव्या रुग्णावर कोसळते. त्यामुळे विभागणी रुग्णनिहाय करायची. पेसमेकर असलेल्या १०२, १०४, १०७ आणि २१७ या नोंदी वगळून उरलेल्या ४४ पैकी २२ शिकवायला, २२ तपासायला, ही रूढ पद्धत आहे. कमी संख्येच्या वर्गातले ठोके कृत्रिमरीत्या वाढवायचे असतील तर ते विभागणीनंतर आणि फक्त शिकवण्याच्या भागात. त्यातही या संचात सुमारे ९० टक्के ठोके सामान्य गटातले. सरसकट ‘सामान्य’ म्हणणारं मॉडेलही ९० टक्के गुण मिळवून जाईल. प्रत्येक वर्गाची संवेदनशीलता, म्हणजे त्यातले किती ठोके बरोबर ओळखले ते, वेगळी द्या. आकडा ९९वरून खाली आला तरी तोच लिहा. जाणता रिव्ह्यूअर त्याच आकड्यावर विश्वास ठेवतो.

पेटंट पेपरच्या आधी. पोस्टर, परिषदेतलं भाषण, खुली व्हायव्हा, संस्थेच्या संकेतस्थळावरचा प्रबंध, यांतल्या कशानेही नावीन्य संपू शकतं. आधी जाहीर झालेल्या कामाला भारतीय कायद्यात असलेली बारा महिन्यांची सवलत मोजक्याच परिस्थितींत लागू होते आणि युरोपात ती कामाला येत नाही. तेव्हा सादरीकरणाआधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज दाखल करा आणि बारा महिन्यांत पूर्ण तपशील द्या. ही मुदत चुकली की अर्ज सोडून दिला असं धरतात. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना २०२१पासून फीमध्ये ८० टक्के सूट आहे, म्हणजे ऑनलाइन अर्जाची मूळ फी ८,००० ऐवजी १,६०० रुपये. ‘खर्च परवडत नाही’ हे कारण आता राहिलेलं नाही. दाव्यांची भाषा मात्र जपून लिहावी लागते: कलम ३(आय) उपचाराच्या आणि निदानाच्या पद्धती वगळतं आणि कलम ३(के) निव्वळ अल्गोरिदम वगळतं. ‘ठोके ओळखण्याची पद्धत’ असा दावा अडकतो. इलेक्ट्रोडची रचना, सर्किट आणि त्यांच्या जुळणीतून मिळणारा तांत्रिक परिणाम यांवर दावा उभा करा. रुग्णालयातले डॉक्टर सहसंशोधक असतील तर मालकी कोणाची, याचा करार कामाच्या सुरुवातीलाच करा.

बायोडेटात पेटंटपुढे ‘दाखल’, ‘प्रकाशित’ आणि ‘मंजूर’ हे शब्द नेमके वापरा. अर्ज साधारण अठरा महिन्यांनी आपोआप प्रकाशित होतो, त्याला कोणी तपासलेलं नसतं. तपासणीची विनंती वेगळी करावी लागते आणि २०२४च्या नव्या नियमांनी तिची मुदत ४८ महिन्यांवरून ३१ वर आणली आहे. डिझाइनची नोंदणी हे पेटंट नव्हे. ती फक्त दिसण्याला संरक्षण देते. फलकावर ती ‘पेटंट’ म्हणून लागलेली दिसली तर तशी दुरुस्ती सुचवायला कचरू नका.

पेपरवर नावं कोणाची, हे पहिला मसुदा लिहिण्याआधी ठरवा. वैद्यकीय जर्नलांच्या आयसीएमजेई निकषांत चार अटी आहेत: कामात भरीव वाटा, मसुद्यात बौद्धिक सहभाग, अंतिम प्रतीला संमती आणि कामाची जबाबदारी. चारही हव्यात. नुसते रुग्ण पाठवले किंवा निधी आणला तर आभारात नाव. आणि ज्या रेसिडेंटने तीन महिने रोज ठोके तपासून खुणा केल्या, पुढे मसुदाही वाचायची तयारी दाखवली, त्याचं नाव गाळणं हा अन्याय आहे. जर्नल निवडताना यूजीसी-केअर या मान्य जर्नलांच्या यादीवर विसंबू नका, ती बंद झाली आहे. संपादक मंडळ पाहा, मागच्या अंकांतले दोन पेपर वाचा, आठवड्यात स्वीकृतीचं आश्वासन मिळालं तर दूर राहा. सुरुवातीला ईएमबीसी या बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या परिषदेचा छोटा पेपर चांगला. त्यात एकच मुद्दा मावतो आणि तोच नीट मांडायची सवय लागते.

पुरस्कारांसाठी बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेशी जोडलेला सितारे-जीवायटीआय आणि आयएनएई या इंजिनिअरांच्या राष्ट्रीय अकादमीचा विद्यार्थी प्रकल्पांचा पुरस्कार पाहा, दुसऱ्यात बी.टेक., एम.टेक., पीएच.डी. असे वेगळे गट आहेत. पुढे उपकरण बाजाराकडे न्यायचं असेल तर बायरॅकचं बिग अनुदान ५० लाखांपर्यंत जातं. परीक्षकांना उपकरण खऱ्या वापरणाऱ्याच्या हातात चाललेलं पाहायचं असतं. दोन मिनिटांची चित्रफीत, सिस्टरने स्वतः पट्टी लावलेली, ही वीस स्लाइडपेक्षा जास्त सांगते.

किती वर्षं लागतात, याचा अंदाज तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेच्या हृदयझडपेवरून घ्या. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली १९७०च्या दशकाच्या शेवटी काम सुरू झालं. मिनिटाला ७२ ठोके धरले तर झडपेची चकती वर्षाला सुमारे ३.८ कोटी वेळा उघडते आणि मिटते. पहिले तीन आराखडे बाद झाले. चौथा, कोबाल्टच्या मिश्रधातूची चौकट आणि पॉलिइथिलिनची चकती असलेला, टिकला, आणि ६ डिसेंबर १९९० रोजी तो पहिल्या रुग्णाला बसला. बाद झालेल्या आराखड्यांची कारणं नीट नोंदलेली होती, म्हणून चौथा झाला.

तुमच्याही वहीत तेच लिहा. पानांना क्रमांक असलेली शिवलेली वही, रोजची तारीख, न चाललेल्या प्रयोगाचं कारण, आठवड्याला गाईडची सही. विभाग सोडताना पुढच्या विद्यार्थ्यासाठी एका खोक्यात ठेवा: सर्किट बोर्ड बनवायची गर्बर फाइल, सुट्या भागांची यादी पुरवठादाराच्या नावासह, कोडची शेवटची चालणारी प्रत, प्रक्रिया न केलेला मूळ डेटा आणि चाललेलं एक उपकरण. सह्या केलेली संमतीपत्रं त्या खोक्यात नकोत. ती कुलूपबंद कपाटात, कमिटीने सांगितलेल्या मुदतीपर्यंत, आणि किल्ली गाईडकडे.