वर्गात विद्यार्थी भडकला तर शिक्षकाने काय करावे?

"नाही लिहिणार, काय करायचं ते करा!" असे कुणी भर वर्गात ओरडले की सगळा वर्ग शिक्षकाच्या तोंडाकडे पाहू लागतो. खरी अडचण या बघ्यांचीच असते. आता माघार घेतली तर नाचक्की होईल, असे त्या मुलालाही वाटते आणि शिक्षकालाही. त्यामुळे मुलाला मान खाली न घालता मागे फिरता येईल, अशी वाट करून देणे हे शिक्षकाचे पहिले काम.

१. आधी स्वतःला आवरा. रागात अ‍ॅड्रेनलिन वाढते, छाती धडधडते, विचार करणे जड जाते. हे तुमच्याही शरीरात घडत असते. एक दीर्घ श्वास घ्या आणि आवाज नेहमीपेक्षा खाली आणा.

२. जवळ जा, पण अंगावर जाऊ नका. दोन हात अंतर ठेवून थोडे बाजूला उभे राहा. बोट रोखणे, दंड धरणे, वही हिसकावणे टाळा.

३. थोडकेच बोला. "तू चिडला आहेस, ते दिसतंय मला. इथेच शांत बस किंवा मागच्या बाकावर जा. ठरव तू." एवढे म्हणून तिथून निघा आणि बाकीच्यांना काम द्या. डोक्यावर उभे राहिलात तर तो मुद्दाम अडून बसेल. जाता जाता तो काही पुटपुटला तर ऐकलेच नाही असे समजा. शेवटचा शब्द त्याचा झाला म्हणून काही बिघडत नाही. टोमणा मात्र कधीच मारू नका. "तुझी बहीण किती शहाणी होती" हे वाक्य वर्षभर डोक्यात राहते.

४. वस्तू फेकणे किंवा मारहाण सुरू झाली तर समजावत बसू नका. इतर मुलांना बाहेर काढा आणि सहकाऱ्याला बोलावून घ्या.

५. नंतर एकांतात बोला, पण घंटा वाजल्या वाजल्या नको. शरीर निवायला कधी अर्धा तासही लागतो. "का केलंस?" म्हटले की मूल बचावाला लागते. "काय झालं होतं?" असे विचारून ऐकून घ्या. जे चुकले त्याचा परिणाम त्याला भोगायचाच आहे, पण तो तेव्हा सांगा आणि चुकीशी जुळणारा ठेवा. बाक पाडला तर तो उचलून नीट लावायचा. शंभर ओळी लिहायला लावून काय साधणार?

६. मुळाशी जा. मानसोपचारतज्ज्ञ रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी मुलांच्या गैरवर्तनामागे चार हेतू मांडले: लक्ष वेधणे, सत्ता गाजवणे, सूड घेणे आणि 'मला जमत नाही' म्हणून अंग काढून घेणे. यातला कोणता, याचा सुगावा शिक्षकाच्या स्वतःच्या मनात लागतो, हे त्यांचे म्हणणे मला फार उपयोगी वाटते. नुसता वैताग आला तर त्याला लक्ष हवे असावे, आव्हान दिल्यासारखे वाटले तर सत्ता, मन दुखावले तर सूड. आपणच हताश झालो तर बहुधा त्यानेही हात टेकलेले असतात.

भडका कोणत्या तासाला उडाला आणि त्याआधी काय घडले, हे दर वेळी दोन ओळींत लिहून ठेवा. मोठ्याने वाचायची पाळी आली की भडकणाऱ्या मुलाची अडचण अनेकदा वाचनातच असते. घरी मारहाण होत असल्याची शंका आली तर आधी पालकांना गाठू नका. त्याच दिवशी मुख्याध्यापक आणि समुपदेशक यांच्या कानावर घाला.