पॉडकास्ट सुरू करताय? माइक नंतर घ्या, आधी टाळी वाजवा

पॉडकास्ट कसा सुरू करायचा असं विचारलं की पहिलं उत्तर हमखास माइकच्या मॉडेलचं येतं. दुसरा त्याहून महागडं मॉडेल सुचवतो, तिसरा थेट ऑडिओ मिक्सरवर जातो, आणि विचारणारा पहिला भाग रेकॉर्ड करायच्या आधीच गार पडतो. विषय आणि नाव तुमचं ठरलंय, बोलायची हौसही आहे, असं धरून चालतो. खर्चाचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

पहिल्या दहा भागांचे विषय एका बैठकीत कागदावर उतरवा. उतरले नाहीत तर विषय फार अरुंद आहे किंवा फारच ढगळ. तो आताच सुधारा.

संहिता पूर्ण लिहून वाचायची नाही. लिहायला बसलं की नकळत 'सदर', 'त्याचप्रमाणे', 'करण्यात आले' असली भाषा येते आणि वाचताना त्याचं बातमीपत्र होतं. फक्त मुद्दे काढा. सुरुवातीची दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य तेवढं शब्दशः लिहा, म्हणजे सुरू करताना चाचपडायला होत नाही आणि संपवताना रेंगाळायला होत नाही. नावं, आकडे, तारखा मात्र डोळ्यांसमोर हव्यात.

खोली

बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. माझंही सगळ्यात जास्त काळ इथेच अडलं होतं. आवाज स्वच्छ असतो, शब्द कळतात, तरी ऐकताना बोलणारा लांब कुठेतरी रिकाम्या हॉलमध्ये उभा आहे असं वाटतं. दोष माइकवर जातो, नवा माइक येतो, आणि तोही तसाच वाजतो. कारण तुमचा आवाज माइकपर्यंत अनेकदा पोचतो: एकदा सरळ तोंडातून, आणि पाठोपाठ भिंती, छत, फरशी आणि टेबल यांच्यावर आपटून. समोरासमोर बोलताना आपला मेंदू हा घुमारा गाळून टाकतो, माइकला ती सोय नाही.

म्हणून आधी टाळी. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा, खोलीत एक कडक टाळी वाजवा आणि ती हेडफोन लावून ऐका. नुसत्या कानावर विसंबू नका, मेंदू तिथेही गाळतोच. टाळी 'टप्' करून जागीच संपली तर खोली चालेल. तिच्यामागून 'ट्रिंग' अशी बारीक शेपटी आली तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवताहेत. घरातल्या प्रत्येक खोलीत हे करून बघा. बहुधा जिंकते ती पलंग, भरलेली कपाटं, जाड पडदे आणि पुस्तकं असलेली, म्हणजे पाहुण्यांना दाखवायला आपल्याला लाज वाटते ती खोली.

भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवायचा सल्ला अजून जिवंत आहे, याचं मला नवल वाटतं. आवाज शोषायला जाड, सच्छिद्र, मऊ वस्तू लागते. ट्रेचा पातळ पुठ्ठा वरच्या पट्टीतला थोडा आवाज विखरतो आणि माणसाच्या आवाजाचा गाभा जसाच्या तसा परत पाठवतो. वर पेटायला सोपा. बोटभर जाडीच्या फोमच्या चौकटींचंही थोड्याफार फरकाने तेच: त्या आवाजातली चमक खातात, खालचा घुमारा शिल्लक ठेवतात, आणि आवाज कोंदट होतो. त्यापेक्षा रजई, गादी, जाड घोंगडी कितीतरी कामाची.

आता ती लावायची कुठे? सगळे माइकच्या मागच्या भिंतीला लावतात. बोलण्यासाठी वापरले जाणारे बहुतेक माइक कार्डिऑइड असतात. ते समोरचं ऐकतात आणि पाठीमागचं बरंचसं सोडून देतात. म्हणजे माइकच्या 'नजरेत' तुम्ही असता आणि तुमच्या पाठीमागची भिंत. रजई तिथे, तुमच्या पाठीशी टांगा. कपड्यांचं उघडं कपाट पाठीशी आलं तर उत्तमच. तोंड कपाटाकडे करून बोलल्यानेही फायदा होतो, कारण आवाज आधी तिकडे जातो, पण पाठीमागे कोरी भिंत असेल तर काम अर्धंच झालं. माइक टेबलावर असेल तर त्याच्याखाली जाड टॉवेल पसरा. खोलीच्या अगदी मधोमध बसू नका आणि भिंतीला नाक लावूनही बसू नका.

अंतर आणि पातळी

खोलीत काहीच बदलता येत नसेल तर निदान माइकजवळ या. तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर निम्मं केलं की सरळ पोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र साधारण तेवढाच राहतो. ६० सेंटिमीटरवरून १५ वर आलात की सुमारे १२ डेसिबलची कमाई झाली, तीही फुकट. वीतभरापेक्षा थोडं कमी, हे माझं माप. तिथून हलायचं नाही. बोलता बोलता खुर्चीत मागे रेलणारे लोक संपादन करणाऱ्याचा जीव खातात.

जवळ आलं की प, फ, ब, भ यांची हवा माइकवर धडकते आणि 'धप्' ऐकू येतं. 'परवा पहाटे फाटक भाड्कन बंद पडलं' हे वाक्य रेकॉर्ड करून बघा. धप् आलं तर माइक ओठांच्या अगदी समोरून काढून तोंडाच्या कोपऱ्याकडे, जरा तिरका ठेवा. हवा सरळ निघून जाते, आवाज येतो. पॉप फिल्टर, म्हणजे माइकपुढची हवा अडवणारी जाळी, लावा, पण तिरक्या माइकला तो पर्याय नाही. 'स', 'श' किंवा 'चांगला', 'जरा' यांतले च-ज टोचत असतील तरी याच तिरकेपणाने बरेच मऊ होतात.

माइक कोणता? पहिले दोन-तीन भाग फोनवर करा. वीतभर अंतरावर धरलेला फोन लांब ठेवलेल्या महागड्या माइकला हरवतो. पुढे घ्यायचाच असेल तर यूएसबीवर चालणारा डायनॅमिक (लांबचे आवाज कमी पकडणारा) कार्डिऑइड घ्या. तो तोंडाजवळ धरल्याशिवाय नीट चालत नाही, आणि नवख्याला नेमकी हीच शिस्त हवी असते. ब्लूटूथ इअरफोनचा माइक अजिबात नको: माइक सुरू झाला की ती जोडणी फोनकॉलच्या दर्जावर घसरते. ऐकायलाही तारेचे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या.

पातळी तपासताना 'हॅलो, हॅलो, टेस्टिंग' म्हणू नका. ते सगळेच दबक्या आवाजात म्हणतात. मोठ्याने हसा, एखादं वाक्य तावातावाने बोला, आणि त्या वेळी काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असा गेन, म्हणजे माइक आवाज किती वाढवून घेतो ते, लावा. शून्याला टेकलेला आवाज फाटतो, आणि फाटलेला पुन्हा पूर्ण शिवता येत नाही. आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करा, नाहीतर तुम्ही थांबलात की पंख्याचा आवाज वर चढतो. पंखाही बंदच करा. बोलायच्या आधी दहा सेकंद गप्प बसून खोलीची शांतता रेकॉर्ड करा. ती पुढे लागणार आहे.

पाहुणा दुसऱ्या गावी असेल तर कॉलचं रेकॉर्डिंग फक्त राखीव म्हणून ठेवा. दोघांनी आपापला आवाज आपापल्या यंत्रावर रेकॉर्ड करायचा. सुरुवातीला दोघांनी एक टाळी वाजवायची म्हणजे दोन फाइली जुळवता येतात, आणि शेवटी आणखी एक. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात, त्यामुळे लांबलेल्या गप्पांत फाइली एकमेकींपासून सरकतात; दुसरी टाळी किती सरकल्या ते दाखवते.

संपादन

ऑडॅसिटी हे संपादनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. पहिल्यांदा काहीही न कापता पूर्ण ऐका. मग मोठे तुकडे काढा: रटाळ प्रश्न, दोनदा आलेला किस्सा. 'अं' आणि 'म्हणजे' सर्वांत शेवटी, आणि तेही सगळे नाहीत. प्रत्येक श्वास छाटलेला माणूस ऐकवत नाही. कापल्यामुळे जिथे भोक पडतं तिथे मघाची दहा सेकंदांची शांतता थोडी थोडी भरा. पूर्ण निःशब्द जागा कानाला लगेच खटकते.

'घुमारा, गोंगाट सगळं नॉइज रिडक्शनने निघतं' असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ते सलग घरघर कमी करतं, घुमारा नाही. जास्त लावलं तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. ऑडॅसिटीत मी ते ६ डेसिबलवर ठेवतो.  घुमारा काढणारी एआयची साधनं आता आली आहेत, पण वाईट रेकॉर्डिंगवर तीही शब्दांची टोकं खातात. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

पुढचा क्रम ठरलेला: ८० हर्ट्‌झच्या खालची घरघर काढा, मोठ्या-लहान आवाजातलं अंतर कमी करणारा कंप्रेसर हलका लावा, आणि शेवटी लाउडनेस नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळ्या भागाचा आवाज एका पातळीवर आणणं, उणे १६ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप). ॲपल हीच पातळी सुचवतं. मोनो, म्हणजे एकाच वाहिनीची, फाइल असेल तर तिथला 'ड्युअल मोनो'चा पर्याय टिक केलेला आहे का बघा.

सुरुवातीला नमनाला घडाभर तेल नको. पहिल्या अर्ध्या मिनिटात आज काय ऐकायला मिळणार ते कळलं पाहिजे. संगीत वापरणार असाल तर परवान्याचं वापरा. 'तीस सेकंदांपेक्षा कमी घेतलं तर चालतं' असा नियम कायद्यात नाही. क्रिएटिव्ह कॉमन्समध्येही अव्यावसायिक अट असलेलं संगीत जाहिराती घेणाऱ्या पॉडकास्टला चालत नाही.

निर्यात एमपी-थ्री, मोनो, ४४.१ किलोहर्ट्‌झ, ९६ केबीपीएस. अर्ध्या तासाचा भाग सुमारे २२ एमबी होतो. मूळ वेव्ह (न आकसलेल्या) फाइली जपून ठेवा.

प्रकाशन

इथे गोंधळ एकच: लोकांना वाटतं, फाइल ॲपलवर चढवायची, मग स्पॉटिफायवर, मग आणखी कुठे. फाइल एकाच ठिकाणी, होस्टिंग सेवेवर चढते. ती सेवा आरएसएस फीड, म्हणजे भागांची आपोआप ताजी होणारी यादी, बनवते, आणि बाकीची ॲप्स तो फीड वाचतात. फीडचा पत्ता प्रत्येक ठिकाणी एकदाच नोंदवायचा. सेवा निवडताना दोनच गोष्टी विचारा: फीडचा पत्ता मला मिळेल का, आणि सोडून जाताना जुना पत्ता नव्याकडे कायमचा वळवून द्याल का. दुसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर पुढे व्हा, कारण पत्ता वळला नाही तर जमवलेले श्रोते तिथेच राहतात. फीडला जोडलेला ईमेल चालू आणि तुमचाच हवा. मालकी पटवताना कोड त्याच्यावर येतो.

मुखपृष्ठ चौकोनी, १४०० ते ३००० पिक्सेल, जेपीजी किंवा पीएनजी. ते नखाएवढं करून बघा. नाव वाचता आलं नाही तर अक्षरं मोठी करा. भाषेच्या रकान्यात मराठी निवडा, बरेच जण तिथे इंग्रजीच राहू देतात. भागाला नुसतं 'भाग ३' असं नाव देऊ नका, कुणी ते शोधत नाही. ॲपल नवा पॉडकास्ट तपासून मगच घेतं, म्हणून जाहीर केलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी छोटा ट्रेलर चढवून नोंदणी उरकून घ्या.

भाग आला की स्वतःच्या फोनवर, श्रोत्याच्याच ॲपमधून, शेवटपर्यंत ऐका. चूक सापडली तर तो भाग पुसून नव्याने टाकू नका. प्रत्येक भागाला फीडमध्ये एक ओळखक्रमांक असतो. नव्याने टाकलेल्या भागाला नवा क्रमांक मिळतो आणि श्रोत्यांकडे तोच भाग दोनदा पोचतो. त्याच भागात जाऊन फक्त फाइल बदला.