छत्री मे महिन्यात घ्या

गिरगावातल्या एका चाळीच्या तळमजल्यावर आमचं जनरल स्टोअर्स आहे. दोन माणसं एकदम आत आली तर तिसऱ्याने फुटपाथवर थांबायचं, एवढंच. सासऱ्यांनी सुरू केलं, १९९६ पासून गल्ल्यावर मी बसते. कंपासपेटी, कापूर, खिळे, राख्या, डास मारायची रॅकेट, सगळं ठेवते.

"ताई, चायनाचं नको, आपलं दाखवा," हे मी आठवड्यातून चारदा तरी ऐकते. असं म्हणणारं गिऱ्हाईक बहुधा दुपारी साडेतीनला येतं, दुकान रिकामं असताना. रात्री पावणेदहाला, मुलाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, "पंचवीस रिटर्न गिफ्ट काढा, पन्नासच्या आतली" म्हणणारं गिऱ्हाईक देश कधीच विचारत नाही. आणि ही बऱ्याचदा एकच व्यक्ती असते.

परदेशी स्वस्त माल टाळता येतो का, असं मला कोणी विचारलं तर मी म्हणते, थोडा टाळता येतो, आणि तोही वेळेवर खरेदी केली तरच. हा माल घरात शिरतो तो घाईगडबडीत. त्यामुळे खाली मी जे सांगतेय त्यातलं बरंचसं काय घ्यावं यापेक्षा कधी घ्यावं याबद्दल आहे.

जे जमणारच नाही ते आधी सोडून द्या, म्हणजे उगाच जीव शिणत नाही. फोन सोडा. तो नोएडात नाहीतर तमिळनाडूत जुळवलेला असतो, खोक्यावर तसं छापलेलंही असतं, पण आतल्या चिपा आणि बरेचसे सुटे भाग बाहेरून आलेले असतात. २०२० च्या जूनमध्ये गलवानला चीनशी चकमक झाल्यावर आमच्या चाळीतले एक गृहस्थ गॅलरीतून टीव्ही खाली टाकायला निघाले होते. त्याचा व्हिडिओ काढायला शेजाऱ्याने जो फोन बाहेर काढला तोही तिकडचाच. टीव्ही अजून चालू आहे. औषधंही सोडा. गोळ्या इथे बनतात, पण त्यांचा कच्चा माल मोठ्या प्रमाणावर चीनमधून येतो. ब्लडप्रेशरची गोळी घेताना तारीख बघा, देश नको.

स्वयंपाकघराकडे तर कोणी बघतच नाही. आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, त्यात पामतेल इंडोनेशिया-मलेशियाचं. रगडा पॅटिसच्या वाटाण्यात कॅनडा-रशियाचा माल असतो, मसुरीत कॅनडा-ऑस्ट्रेलियाचा, आणि तुरीत मोझांबिक-म्यानमारची भर. दिवाळीच्या लाइटच्या माळेवरून तावातावाने बोलणाऱ्या एका काकांना मी हे ऐकवलं, तर म्हणाले, "ते खाण्याचं झालं, ते वेगळं." असेलही.

आता जे जमतं त्याबद्दल. पाकिटाची मागची बाजू वाचायची सवय लावून घ्या. ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ म्हणजे बनवणारा, ‘इंपोर्टेड बाय’ म्हणजे आणणारा आणि ‘मार्केटेड बाय’ म्हणजे नुसता विकणारा. फसगत होते ती या तिसऱ्यात. खाली अंधेरीचा पत्ता दिसला की माणूस खूश होतो, आणि वस्तू चीनमधल्या शेन्झेनची असते. वेष्टनातल्या आयात मालावर मूळ देश छापणं कायद्याने सक्तीचं आहे, ऑनलाइन विक्रीतही तो दाखवावा लागतो. फोनवर तो बराच खाली असतो, बोट सरकवत न्यावं लागतं. रात्री अकराला ‘उद्या पोहोचेल’ बघून बटण दाबणारा माणूस तिथपर्यंत जात नाही.

बारकोड ८९० ने सुरू झाला म्हणजे माल भारतीय, हा व्हॉट्सॲपवरचा निरोप मला दर दिवाळीला येतो. ८९० चा अर्थ एवढाच की तो नंबर कंपनीने भारतातल्या संस्थेकडून घेतला. चीनहून माल आणणारा इथला व्यापारीही तो लावू शकतो.

कंपनी कोणाच्या मालकीची आणि माल बनतो कुठे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात ठेवा. कॅम्लिन दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईपासून सुरू केलं. २०११ पासून त्याची बहुतांश मालकी जपानच्या कोकुयोकडे आहे, पण पाताळगंगेच्या कारखान्यातली माणसं आपलीच. ही कंपासपेटी देशी धरायची की विदेशी? मी देशी धरते. तुम्ही तुमचं ठरवा, पण दुकानात उभं राहून ठरवू नका, मागे रांग असते.

सुट्या मालाला यातलं काहीच लागू नाही. माझ्या काउंटरवरच्या बरण्यांत क्लिपा, शार्पनर, यो-यो असतात, त्यांना पाकीटच नाही. अशा वेळी दुकानदाराला विचारा, "हे कुठून भरता?" आम्हाला माहीत असतं. मी अब्दुल रहमान स्ट्रीटवरून भरते आणि विचारलं तर सांगते. न विचारता सांगत नाही, हेही कबूल करते. दहाला पडलेली वस्तू पंचवीसला जाते, आणि दुकानाचं लाइट बिल त्यातूनच निघतं.

माझी लग्नानंतरची पहिली काही वर्षं ‘फॉरेनचं’ म्हणजे कौतुक होतं. मनीष मार्केटमधून आणलेला सेंट लोक कपाटात कुलपात ठेवायचे. मग १ एप्रिल २००१ ला सरकारने उरलेल्या ७१५ वस्तूंवरची आयात-बंधनं काढली, त्याच डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, आणि दोन-तीन दिवाळ्यांत माझ्या फळ्या बदलल्या. माल भरायला मी काळबादेवीवरून चालत जाते. १२ डिसेंबर १९३० ला याच भागात विलायती कापडाच्या लॉरीपुढे बाबू गेनू आडवे झाले. गिरणी कामगार, वय बावीस. लॉरी त्यांच्या अंगावरून गेली. त्या लॉरीत काय भरलंय हे सगळ्या रस्त्याला माहीत होतं. माझ्या हातगाडीवरच्या खोक्यात कुठल्या देशाचं काय काय आहे, ते मलाही धड सांगता येत नाही.

तर छत्री. मुंबईत छत्रीची खरेदी पहिल्या पावसाच्या संध्याकाळी होते, चर्नी रोड स्टेशनच्या जिन्यात, भिजलेल्या डोक्याने. तिथे दीडशेची तीन घडीची मिळते. ती पहिल्या वाऱ्याला उलटी होते आणि जुलैत दुसरी घ्यावी लागते. सरकारने २०२२ च्या बजेटमध्ये छत्रीवरची आयात-जकात २० टक्के केली आणि सुट्या भागांची सवलत काढून घेतली, पण जिन्यातल्या माणसाला त्याचं काय. म्हणून छत्री मे महिन्यात घ्या. दुकानात उघडा, दोनदा बंद करा, काड्या मोजा. काडी आणि कापड जिथे शिवलंय ते टोक चिमटीत धरून ओढा. टाका सैल असेल तर तिथेच कळतं. लांब दांड्याची घेतलीत तर उत्तम, तिचे सांधे कमी. केरळात आलप्पुळाला छत्र्यांचा मोठा धंदा आहे, मुंबईतही जुने छत्रीवाले आहेत. मग विचारा, "काडी कुठली?" खरं बोलणारा दुकानदार सांगेल की शिवलीय इथे, काडी बाहेरची. तरीही घ्या. माझ्याकडे अशी चारशे ऐंशीला जाते. शेवटची गोष्ट, तुमच्या गल्लीतल्या छत्री दुरुस्तीवाल्याला आधीच विचारून ठेवा की याची काडी मोडली तर तुझ्याकडे आहे का. तो हो म्हणाला की डोळे मिटून पैसे द्या.

मिक्सरचंही तसंच. दुकानात जायच्या आधी दुरुस्तीवाल्याकडे जा. कपलर कुठल्या कंपनीचा सहज मिळतो, ते त्याला तोंडपाठ असतं. कुकरची काळजीच नको. आयएसआय सक्तीचा आहे, चांगले देशी कारखाने आहेत, रिंग आणि शिट्टी कुठल्याही नाक्यावर मिळते.

खेळण्यांत खरोखर फरक पडलाय. फेब्रुवारी २०२० मध्ये आयात-जकात २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय सक्तीचा झाला. शिक्क्याखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा नंबर असतो. हा शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेचं बीआयएस केअर हे ॲप घ्या, नंबर टाका, परवाना कोणाचा आणि कारखाना कुठला ते दिसतं. परवाना परदेशी कारखान्यालाही मिळू शकतो, म्हणून पत्ता वाचा.

रिटर्न गिफ्टमध्ये मी स्वतः तोंडघशी पडलेय. सक्ती येण्याआधीची गोष्ट, मुलीचा सातवा वाढदिवस, दुकानाच्या गडबडीत विसरले आणि आदल्या रात्री आपल्याच बरणीतले पंचवीस लाइटचे यो-यो काढले. तिसऱ्या दिवशी अकरा परत आले. मी कुठे बसते हे सगळ्या आयांना ठाऊक होतं ना! पुढच्या वर्षी पंधरा दिवस आधी भुलेश्वरला गेले, स्टीलच्या छोट्या डब्या घेतल्या आणि प्रत्येकीवर त्या-त्या मुलाचं नाव घालून घेतलं. नावं घालायला चार दिवस लागले. खर्च डबीमागे दहा-बारा रुपये जास्त. ती मुलं आता कॉलेजात आहेत, एकीच्या घरी त्या डबीत अजून हिंग असतो.

लोकलच्या लेडीज डब्यातल्या क्लिपांबद्दल मात्र मला नीट सल्ला देता येत नाही. दादर ते अंधेरी एवढ्या वेळात बाई हूकला लटकवलेले चाप दाखवते, वीसला दोन, आपण अंबाडा सोडून लावून बघतो, स्टेशन येतं, पैसे देतो. माल बहुतेक बाहेरचाच. पण ती बाई मीरा रोडहून पहाटे निघालेली असते, पोर पाळणाघरात ठेवून. तिच्याकडून न घेता मी कोणाचं काय वाकडं करणार आहे? मी घेते. वर्षातून दोनदा.

डासांच्या रॅकेटचं ऐका. एप्रिल २०२१ मध्ये सरकारने १२१ रुपयांहून कमी आयात-किमतीच्या रॅकेटची आयात बंद केली. तरी डेंग्यूच्या बातम्या आल्या की लोक धावत येतात आणि हाताला येईल ती नेतात. खिडक्यांना जाळी एप्रिलमध्ये मारून घ्या. सुतार तेव्हा मोकळा असतो.

दिवाळीला माहीमच्या कंदील गल्लीत आठ दिवस आधी जा. बांबूच्या काड्यांचे, हाताने चिकटवलेले कंदील मिळतात. आतला बल्ब कुठला ते विचारू नका. लोहार चाळीतली ‘इंडियन’ माळसुद्धा इथे फक्त जोडलेली असते, त्यातल्या एलईडी बहुधा बाहेरच्याच. मनाला लागत असेल तर पणत्या आहेत.

माझ्याकडच्या छत्र्या २० एप्रिलच्या सुमारास येतात. साडेतीनला या, उघडून दाखवते.