परेरा आडनावाचा माग काढताय? या चुका टाळा

नाताळच्या सुट्टीत वसईत माणसं परत येतात आणि माझा फोन वाजायला लागतो. कॅनडाहून, दुबईहून, नाहीतर अंधेरीहून. प्रश्न एकच: "अंकल, आपण परेरा. म्हणजे पोर्तुगालमधलं आपलं मूळ गाव कुठलं?" जणू मी विरार लोकलचं वेळापत्रक खिशात घेऊन फिरतो.

माझ्या आईचं माहेर परेरांचं. तिच्या माणसांची वंशावळ काढायला बसलो, त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. तेवढ्या काळात लोकांनी केलेल्या चुका पाहिल्या, मीही केल्या. त्याच त्याच चुका परत दुरुस्त करायचा कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिली चूक: ढाल विकत घेणे

आमच्या नात्यातला एक मुलगा. हुशार, पगार चांगला, धीर मात्र चहा उकळेपर्यंतचा. त्याने एका वेबसाइटवर 'परेरा' टाइप केलं, पैसे भरले आणि आठवड्याभरात घराण्याचं मानचिन्ह कुरियरने घरी हजर. लाल रंगाची ढाल, तिच्यावर चंदेरी क्रूस, क्रुसाची टोकं फुलासारखी उमललेली आणि मधला भाग पोकळ, त्यातून मागचा लाल रंग दिसणारा. देखणं होतं, नाही म्हणत नाही. लग्नाच्या पत्रिकेवर छापलं आणि मांडवाच्या दारात सहा फुटी फलकही लावला. आमची म्हातारी मावशी फलकासमोर बराच वेळ उभी राहिली, मग तिने विचारलं, "हा कुठला मेडिकलवाला?"

ढाल खोटी नव्हती, हीच तर गंमत. पोर्तुगालच्या परेरा घराण्याचं चिन्ह तेच आहे. उत्तरेला, आजच्या विला नोव्हा द फामालिकांव भागात, 'परेरा' नावाची एक जहागीर होती. तिच्यावरून त्या घराण्याला नाव पडलं. नुनो आल्वारिश परेरा त्याच घराण्यातला. १४ ऑगस्ट १३८५ रोजी आल्जुबारोताच्या लढाईत त्याने शेजारच्या कॅस्टिल राज्याच्या (आजचा स्पेन) सैन्याचा धुव्वा उडवला, म्हातारपणी सगळं सोडून मठात गेला आणि २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्याला संत घोषित केलं. त्याच लढाईत त्याचा भाऊ शत्रूच्या बाजूने लढला आणि मेला. म्हणजे खऱ्या परेरांमध्येसुद्धा एका ढालीखाली सगळे उभे नव्हते.

पण चिन्ह असतं ते एका माणसाला, त्याच्या वंशाला दिलेलं. आडनावाला चिन्ह नसतं. शिवाय 'परेरा' म्हणजे नासपतीचं झाड, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. ज्या गावात, वाडीत ते झाड ठळक दिसलं, त्या जागेला लोक परेरा म्हणू लागले. कोइंब्राजवळ परेरा आहे, बार्सेलुशकडे आहे, मिरांदेलाकडे आहे. वरती स्पेनच्या गालिसियात तर ओरेन्से प्रांतात पेरेइरो दे आगियार नावाचं अख्खं गाव आहे. अशा प्रत्येक ठिकाणाहून उठलेला माणूस दुसरीकडे गेला की 'परेराचा' झाला. आपल्याकडे पिंपळगाव किती आहेत ते मोजा आणि मग सगळ्या पिंपळगावकरांना एका पूर्वजाची मुलं म्हणून बघा.

आणि वसईचं काय? १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे आली, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत इथल्या लोकांचे बाप्तिस्मे झाले आणि त्या वेळी आडनाव मिळालं ते धर्मपित्याचं (बाप्तिस्म्याला जामीन राहणाऱ्याचं), नाहीतर बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं. गोव्यातही तेच. म्हणून एकाच गावातले दोन परेरा एकमेकांचे कोणी नसतात आणि एक परेरा व शेजारचा लोपीस मूळचे चुलत घरातले निघू शकतात. गोव्याच्या काही घरांत आपण आधी प्रभू होतो की कामत, हे अजून सांगतात. ती आठवण ढालीपेक्षा लाखमोलाची आहे, पण ती कुरियरने येत नाही.

माझी सवय सांगतो. पहिल्या दिवशी इंटरनेट उघडायचंच नाही. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईसमोर बसायचं आणि आडनाव विचारायचंच नाही. गावात तुम्हाला काय म्हणायचे, विहीर कोणाची होती, शेताच्या तुकड्याचं नाव काय, हे विचारायचं. ज्या आळीत निम्मी घरं परेरांची असतात, तिथे माणसं टोपणनावाने ओळखली जातात. चर्चच्या नोंदवहीत तीन जुझे परेरा सापडले की तेच टोपणनाव कामाला येतं.

दुसरी चूक: अक्षर न वाचता नाव वाचणे

ही माझी स्वतःची. लाज वाटते, पण सांगतो.

जुन्या पोर्तुगीज नोंदींत कारकून आडनाव पूर्ण लिहीतच नाही. कागद महाग, हात दुखतो. रॉड्रिग्जचं 'रॉइझ' करतो, फर्नांडिसचं पहिलं अक्षर, मधलं एखादं आणि शेवटी झेड. परेराचं 'पी', एक 'आर' आणि वर बारीक 'ए' काढलेला. आता फेरेरा कसं लिहील? 'एफ', 'आर' आणि वर बारीक 'ए'. त्या काळचा मोठा पी आणि मोठा एफ शेजारी ठेवून बघा. शाई फुटलेली, कागदाला वाळवी, वरची रेघ उडालेली.

मी एका लग्नाच्या नोंदीत परेरा वाचलं. मनात आधीच परेरा होतं, दिसलंही परेरा. त्यावरून नवऱ्याचा बाप, बापाचा बाप, असा सरसर मागे गेलो. तीन महिने. चार पिढ्यांचा तक्ता सुबक अक्षरात काढला, मामाला नेऊन दिला, त्याने फ्रेम करून भिंतीवर टांगला. मग एका दुपारी त्याच वहीत त्याच कारकुनाने लिहिलेली दुसरी नोंद समोर आली. त्यात 'फ्रान्सिस्को' पूर्ण लिहिलेलं होतं आणि त्याचा एफ हुबेहूब माझ्या 'परेरा'च्या पीसारखा! म्हणजे मी तीन महिने कुणा फेरेरांचे पूर्वज मामाच्या भिंतीवर चढवत होतो. मामा नुसता हसला, पण फ्रेम अजून काढलेली नाही. म्हणतो, माणसं चांगली वाटतात.

तेव्हापासून कुठलीही वही हातात आली की आधी नावं वाचत नाही. आधी त्या कारकुनाची बाराखडी काढतो. पेड्रो, पाउलो इथला पी. फ्रान्सिस्को, फेलिप इथला एफ. नामकरणाची नावं तो बहुधा पूर्ण लिहितो, त्यामुळे अक्षरं तिथून चोरायची. वेगळ्या कागदावर उतरवून शेजारी ठेवायची. कारकून बदलला की नवी बाराखडी. वेळ जातो, जाऊ दे. नवशिक्यांना हे सांगितलं की ते मोबाइलने अख्ख्या वहीचे फोटो काढतात आणि "घरी जाऊन बघतो" म्हणतात. घरी जाऊन कोणी बघत नाही.

आणि हो, परवानगीशिवाय फोटो काढू नका. तुमच्यामुळे पुढच्याला वही दाखवत नाहीत.

तिसरी: झाडाचं आडनाव, म्हणून ज्यू

हे खूळ गेल्या दहा-बारा वर्षांत वाढलंय. परेरा नासपती, ऑलिव्हेरा ऑलिव्ह, नोगेरा अक्रोड. झाडांची आडनावं धर्म बदललेल्या ज्यूंनी घेतली, म्हणून आपण मूळचे ज्यू. २०१५ पासून पोर्तुगाल आणि स्पेनने सेफार्दी, म्हणजे मूळच्या त्याच दोन देशांतल्या, ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व द्यायला सुरुवात केली आणि मग काय, ज्याला त्याला आपल्या आडनावात फांद्या दिसू लागल्या.

१४९७ मध्ये राजा मॅन्युएलने पोर्तुगालमधल्या ज्यूंना जबरदस्तीने ख्रिस्ती केलं, हे खरं. त्यांच्यातल्या अनेकांनी परेरा आडनाव घेतलं, हेही खरं. मुक्या-बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवणारा जेकब रॉड्रिग्ज परेरा त्यांच्यातलाच. त्याचे नातू एमिल आणि इझाक पेरेर हे फ्रान्समधले नामी बँकवाले. त्यांनी १८५२ मध्ये 'क्रेदी मोबिलिए' ही बँक काढली. पण त्या लोकांनी परेरा हे नाव घेतलं ते आधीपासून चारचौघांत चालत होतं म्हणून. लपायचं असलेला माणूस गर्दीत मिसळणारं नाव घेईल की उठून दिसणारं? नुनो परेरा त्या घटनेच्या शंभर वर्षांहून आधीचा. तेव्हा आडनावावरून ज्यू असल्याचंही सिद्ध होत नाही आणि नसल्याचंही.

शिवाय पोर्तुगीजमध्ये शेवटी '-एरा' आलं की झाडच असतं, असंही नाही. फेरेरा लोखंडावरून आलंय. त्याला कुठलीही फळं लागत नाहीत.

झाडाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. गोव्यात पेरूला 'पेर' म्हणतात आणि नाताळात पेरूच्या गराची जी वडी होते ती 'पेराद'. पोर्तुगीज 'पेरा' म्हणजे नासपती आणि तिचा मुरंबा 'पेरादा'. नासपती इथे मिळेना, तेव्हा नाव पेरूला चिकटलं. आमच्या बाप्तिस्म्याच्या आडनावांसारखंच: झाड इथलं, पाटी तिथली.

फुटकळ चुका, पण रोजच्या

परेरा म्हणजे पेरेझ नव्हे. पेरेझ, पिरेस, पेरिस ही 'पेरोचा मुलगा' म्हणजे पीटरचा मुलगा. झाडाशी संबंध नाही.

'वाय'वाला पेरेयरा वेगळा समजू नका. १९११ च्या शुद्धलेखन सुधारणेआधी पोर्तुगालमध्येही 'वाय' लिहीत. अर्जेंटिनात तो टिकला. फुटबॉल बघणाऱ्यांसाठी: अर्जेंटिनाचा रोबर्तो पेरेयरा वायवाला, उरुग्वेचा मॅक्सी परेरा आयवाला. हवाईत १८७८ पासून मदेरा या पोर्तुगीज बेटावरची माणसं उसाच्या मळ्यांवर गेली, तिथे एक 'आर' जास्त लागला.

पेरेरा दिसला की श्रीलंका, हेही थांबवा. कातालान भाषेत नासपतीच्या झाडाला पेरेराच म्हणतात आणि बार्सिलोनाकडे ते जुनं आडनाव आहे.

कोलंबियातलं परेरा शहर तुमचं मूळ गाव नाही. ते १८६३ साली वसलं आणि फ्रान्सिस्को परेरा मार्तिनेस या माणसावरून त्याचं नाव पडलं.

पोर्तुगीज पद्धतीत आईचं आडनाव बहुधा आधी आणि बापाचं शेवटी. स्पॅनिशमध्ये उलटं. 'परेरा द सिल्वा' दिसलं आणि परेरांच्या मागे लागलात, तर पोर्तुगालमध्ये आईच्या बाजूला पोचाल आणि स्पेनमध्ये बापाच्या.

ब्राझीलमधले अगणित परेरा बघून नातेवाईक सापडले म्हणून नाचू नका. तिथे गुलामीतून सुटलेल्या अनेकांनी मालकाचं नाहीतर धर्मपित्याचं आडनाव घेतलं.

मराठीत शोधताना परेरा, पेरेरा, पिरेरा, परेरो अशी सगळी रूपं टाकून बघा. मतदार यादीत माझ्या सख्ख्या मामेभावांची आडनावं दोन प्रकारे आहेत.

श्रीलंकेकडून शिकण्यासारखं

सिंहली लोकांनी एक शहाणपणा केला, जो आमच्याकडे राहून गेला. किनाऱ्यावरच्या लोकांनी पोर्तुगीज काळात पेरेरा, फर्नांडो, सिल्वा ही आडनावं घेतली, पुढे अनेक घरं बौद्ध झाली तरी आडनाव ठेवलं, पण जुनं घराण्याचं नाव सोडलं नाही. ते पुढे लावतात. क्रिकेटपटू थिसारा पेरेराचं पूर्ण नाव बघा: नारंगोडा लियनाराच्चिलागे थिसारा चिरंथा पेरेरा. शेवटच्या पेरेरावरून हजारोंच्या गर्दीत हरवाल. पहिल्या दोन शब्दांनी थेट घराशी पोचाल. डर्बनला २०१९ मध्ये नाबाद १५३ करून एका विकेटने कसोटी जिंकून देणारा कुसल पेरेराही तसाच; त्याच्या नावाच्या सुरुवातीला 'मथुरागे' आहे. त्यामुळे श्रीलंकेतला कोणी विचारायला आला तर मी पहिलं वाक्य तेच टाकतो: पेरेरा राहू द्या, पुढचं सांगा.

आमच्याकडे ते पुढचं नाव कागदावर आलंच नाही, म्हाताऱ्यांच्या तोंडात राहिलं. म्हणून चर्चच्या ऑफिसात जायच्या आधी घरी बसा. मग जाल तेव्हा सकाळी जा, रविवारी जाऊ नका, लग्नसराईत तर मुळीच नको. स्वतःच्या बाप्तिस्म्याची तारीख, आईबापाच्या लग्नाची तारीख आणि पॅरिश लिहून न्या. तिथून एकेक पायरी मागे. पणजोबांवर उडी मारू नका. बॉलपेन घरी ठेवा, शिसपेन्सिल न्या. आणि वही चाळताना बोटाला थुंकी लावलेली मला दिसली, तर माझा नंबर विसरा.