डिस्कस अबाउट, मॅरीड विथ, अँग्री ऑन: क्रियापदानंतरचं प्रेपोझिशन मराठीच्या बाजूने कसं शिकायचं

इंग्लिश क्रियापदानंतर कुठलं प्रेपोझिशन येतं याच्या याद्या नेटवर ढिगाने मिळतात, एपासून झेडपर्यंत, आणि त्या पाठ करायला बसलेले लोक ॲपोलोजाइजपर्यंत पोचतात, फार तर बिलाँगपर्यंत, मग वही कपाटात जाते. त्या याद्या चुकीच्या नसतात हो, पण त्या जगातल्या सगळ्यांसाठी एकच केलेल्या असतात, आणि मराठी माणूस जिथे अडखळतो ती ठिकाणं वेगळी आहेत. 'डिपेंड ऑन' तुम्हाला पाठ करायची गरजच नाही, आपण 'पावसावर अवलंबून' म्हणतोच, वर म्हणजे ऑन, आपोआप बरोबर येतं. 'बॉरो फ्रॉम' पण तसंच, शेजाऱ्याकडून उसने घेतले. 'स्पेंड ऑन', कपड्यांवर खर्च. असली सगळी क्रियापदं यादीतून सरळ काट मारून टाका. मेहनत घ्यायची ती फक्त जिथे आपली विभक्ती एक सांगते आणि इंग्लिश दुसरंच लावतं तिथे, आणि ही यादी बरीच छोटी निघते.

घोळ सुरू कुठे होतो तर शाळेत. विभक्तीचा तक्ता पाठ असतोच, त्याच्या शेजारी कोणीतरी इंग्लिश लिहून देतं: ला म्हणजे टू, ने म्हणजे बाय नाहीतर विथ, हून म्हणजे फ्रॉम, चा म्हणजे ऑफ, त म्हणजे इन, वर म्हणजे ऑन. जागेबद्दल बोलताना हे बऱ्यापैकी चालतं, टेबलावर पुस्तक, डब्यात लाडू. पण क्रियापदाच्या मागे येणारं प्रेपोझिशन जागा दाखवत नसतं, ते त्या क्रियापदाने स्वतःसाठी ठरवून घेतलेलं असतं, आणि तिथे तक्ता गंडतो.

म्हणून वही घ्या आणि इंग्लिश अक्षरांप्रमाणे नाही तर मराठी प्रत्ययांप्रमाणे पानं करा. वर, शी, ला, बद्दल आणि शेवटी एक भेळ पान.

आधी 'वर'. मी त्याच्यावर रागावलो, म्हणून 'अँग्री ऑन हिम', ही चूक तर ऑफिसच्या मेलमध्येसुद्धा दिसते. माणसावर राग असेल तर अँग्री विथ किंवा अँग्री ॲट, गोष्टीचा राग असेल तर अँग्री अबाउट. कुणावर तरी ओरडणं म्हणजे शाउट ॲट. इथे एक पॅटर्न आहे तो पकडून ठेवा, समोरच्याला नेम धरून काही केलं की बहुतेक वेळा ॲट येतं: शाउट ॲट, लाफ ॲट, स्टेअर ॲट, बार्क ॲट, थ्रो ॲट. आणि त्याच जागी टू घातलं की नेम जातो आणि फक्त दिशा उरते. 'थ्रो द बॉल टू हिम' म्हणजे त्याच्याकडे झेल दे, 'थ्रो द बॉल ॲट हिम' म्हणजे त्याला फेकून मार. 'शाउट टू हर' म्हणजे लांबून हाक मारली, 'शाउट ॲट हर' म्हणजे झापलं. ही एक जोडी नीट समजली ना की दहा क्रियापदं फुकटात येतात.

'वर' च्याच पानावर विश्वास. देवावर विश्वास, भुतांवर विश्वास, म्हणजे बिलीव्ह इन, ऑन नाही. पण एखाद्याचं बोलणं खरं वाटलं तर नुसतं बिलीव्ह, 'आय बिलीव्ह हिम', मध्ये काही नाही. आणि भरवसा या अर्थाने ट्रस्ट, तिथेही रोजच्या वापरात काही लागत नाही. त्याच पानावर खाली एक चौकट करा, मराठीत वर आहे पण इंग्लिश क्रियापदाला काहीच लागत नाही अशांची: अटॅक, क्रिटिसाइझ, अफेक्ट. शत्रूवर हल्ला केला, सरकारवर टीका केली, तब्येतीवर परिणाम झाला, तिन्हीकडे आपला हात ऑनकडे जातो. ही चौकट पुढे परत लागणार आहे.

'शी' चं पान. लग्न! 'शी इज मॅरीड विथ अ डॉक्टर' असं आपल्याकडे इतकं बोललं जातं की बरोबरच वाटायला लागतं, पण इंग्लिशमध्ये मॅरीड टू, किंवा सरळ 'शी मॅरीड अ डॉक्टर'. खोटं बोलणं कुणाशी, लाय टू. वागणं कुणाशी, नाइस टू, रूड टू, काइंड टू, पोलाइट टू. संबंध कशाशी, रिलेटेड टू. नवीन शहराशी जुळवून घेतलं, ॲडजस्ट टू. म्हणजे बघा, शी दिसला की विथ लिहायची घाई करायची नाही, आधी टू लावून बघायचं. संपर्क साधणे म्हणजे काँटॅक्ट, त्याला क्रियापद म्हणून टू पण नाही आणि विथ पण नाही, 'काँटॅक्ट द ऑफिस'. ॲग्री मात्र तीन तऱ्हेने येतं, माणसाशी किंवा मताशी सहमत असाल तर ॲग्री विथ, प्रस्तावाला होकार दिला तर ॲग्री टू, आणि दोघांनी मिळून तारीख ठरवली तर ॲग्री ऑन. बोलणं सोपं आहे, टॉक टू आणि टॉक विथ दोन्ही चालतं, उगाच डोकं लावू नका. आणि भांडणाला 'फाइट विथ' आपल्यासारखंच आहे. जुन्या इंग्लिशमध्ये विथचा अर्थच 'विरुद्ध' असा होता, 'विथस्टँड' मध्ये तो अजून उरलाय. पण 'इंग्लंड फॉट विथ फ्रान्स' असं वाचलं तर इंग्लंड फ्रान्सशी लढलं की फ्रान्सच्या बाजूने लढलं हे संदर्भ बघूनच कळतं, म्हणून शंका असेल तिथे फाइट अगेन्स्ट लिहा.

'ला' चं पान सगळ्यात मोठं होईल, त्याला दोन पानं ठेवा. आपण त्याला विचारतो, त्याला सांगतो, त्याला समजावतो, त्याला सुचवतो, सगळीकडे तोच ला. इंग्लिशमध्ये यांचे दोन गट पडतात आणि ते पाठच करावे लागतात, लॉजिक शोधत बसू नका. आस्क आणि टेल यांना माणूस थेट लागतो, 'आस्क हिम', 'टेल हिम', टू नाही. से, एक्सप्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब, मेन्शन यांना माणसाआधी टू लागतोच, 'एक्सप्लेन इट टू हिम'. 'एक्सप्लेन हिम द प्रॉब्लेम' ऐकायला काही खटकत नाही, कारण 'टेल हिम द प्रॉब्लेम' बरोबर असतं, पण ते चूक आहे, आणि मुंबई-पुण्यातल्या मीटिंगांमध्ये रोज ऐकू येतं. ही पाच क्रियापदं मोठ्या अक्षरात लिहा.

ऐकणं: लिसनला टू हवाच, हिअरला नको. उत्तर देणं: 'आन्सर द क्वेश्चन' पण 'रिप्लाय टू द मेल', 'रिस्पाँड टू द मेल'. 'आन्सर टू' क्रियापद म्हणून वापरलं की अर्थच बदलतो, कुणाला तरी जबाबदार असणं, हाताखाली असणं. घाबरणं: अफ्रेड ऑफ. अभिनंदन: काँग्रॅच्युलेट हिम ऑन हिज रिझल्ट. पोचणं: 'रीच पुणे', टू नाही, पण 'गेट टू पुणे', आणि 'अराइव्ह इन पुणे', 'अराइव्ह ॲट द स्टेशन', अराइव्हला टू कधीच नाही. गाडी, प्रवास, स्टेशन हा विषय रोजचाच असल्यामुळे ही तीन वाक्यं एकदा तोंडात बसली की काम झालं. विरोध करणे दोन प्रकारे येतं, अपोजला काही नाही, ऑब्जेक्टला टू.

'बद्दल' चं पान छोटं आहे पण फेमस. डिस्कस अबाउट, मेन्शन अबाउट, डिस्क्राइब अबाउट, तिन्ही चूक, तिन्हींमधला अबाउट काढा. टॉक अबाउट, कम्प्लेन अबाउट, थिंक अबाउट ठीक आहेत. थँक आणि अपोलोजाइज यांना बद्दल म्हणजे फॉर, 'थँक हर फॉर द हेल्प', आणि माफी कुणाची तर टू, कशाची तर फॉर, 'अपोलोजाइज टू हर फॉर द डिले'.

आता डिस्कस अबाउट इतकं चिवट का आहे? मराठी तर कारण आहेच, 'विषयाबद्दल चर्चा'. पण दुसरं कारण इंग्लिशमध्येच आहे आणि ते कुणी फारसं सांगत नाही. नाम झालं की प्रेपोझिशन परत येतं. 'वी डिस्कस्ड द बजेट' पण 'अ डिस्कशन अबाउट द बजेट'. 'आय रिक्वेस्टेड लीव्ह' पण 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह'. 'दे डिमांडेड मनी' पण 'अ डिमांड फॉर मनी'. 'वी एंटर्ड द रूम' पण 'एंट्री इंटू द रूम'. 'ही एम्फसाइझ्ड द पॉइंट' पण 'एम्फसिस ऑन द पॉइंट'. आणि वरची चौकट आठवा, अटॅक नाम असेल तर अटॅक ऑन, टीका म्हणजे क्रिटिसिझम ऑफ, परिणाम म्हणजे इफेक्ट ऑन. आपण नाम ऐकलेलं असतं, अर्जात 'रिक्वेस्ट फॉर लीव्ह' वाचलेलं असतं, आणि तेच शेपूट क्रियापदाला लावतो. म्हणून वहीत क्रियापद आणि नाम एकाच ओळीत, शेजारी शेजारी लिहा. माझ्या मते एवढी एक सवय लावली तरी निम्म्या चुका जातात, बाकी यादी नंतर केली तरी चालेल.

भेळ पानावर उरलेले. कुणाची वाट बघणे, वेट फॉर, आणि 'आय ॲम वेटिंग यू' नाही. सर्च गंमतीशीर आहे, 'सर्च द बॅग' म्हणजे बॅगेची झडती, 'सर्च फॉर द बॅग' म्हणजे बॅग हरवलीय. पे तसंच, बिल पे करतात पण चहासाठी पे फॉर. अप्लाय: नोकरीसाठी अप्लाय फॉर, कंपनीकडे अप्लाय टू, आणि मलम लावायचं असेल तर नुसतं अप्लाय. आजाराने मेला, डाइड ऑफ, 'बाय' नाही. कोप विथ, मध्ये 'अप' घुसवायचं नाही, ते मॅनेजर लोकांनी घुसवलंय.

लिहिताना नुसतं 'वेट फॉर' लिहू नका, त्याने काही होत नाही, परीक्षेत आठवेल पण बोलताना नाही. पूर्ण वाक्य लिहा आणि ते तुमच्या घरातलं असू द्या, 'आय वेटेड फॉर द नाइन ट्वेंटी लोकल', 'माय सिस्टर इज मॅरीड टू अ टीचर'. मग तेच वाक्य प्रश्न करून म्हणा, कारण खरी परीक्षा तिथे आहे. मराठीत प्रत्यय प्रश्नाच्या शब्दालाच चिकटतो, कोणाशी, कशावर, कशासाठी, त्यामुळे इंग्लिशमध्ये शेवटी उरलेलं प्रेपोझिशन आपण खाऊन टाकतो, 'व्हॉट आर यू लुकिंग?' नाही, 'व्हॉट आर यू लुकिंग ॲट?'. शेवटी प्रेपोझिशन येऊ नये असं काही जुने मास्तर सांगतात त्याकडे लक्ष देऊ नका, ही कुरकूर जॉन ड्रायडन या इंग्रज कवीने १६७२ साली केली होती, इंग्लिश बोलणाऱ्यांनी ती तेव्हाही ऐकली नाही आणि आताही ऐकत नाहीत.

आणि प्रेपोझिशननंतर दुसरं क्रियापद आलं तर त्याला आयएनजी, 'इन्सिस्टेड ऑन पेइंग', 'सक्सीडेड इन फाइंडिंग'. 'लुक फॉरवर्ड टू' मधला टू पण प्रेपोझिशनच आहे, म्हणून 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू', 'टू मीट' नाही.

शंका आली की इंग्लिश-मराठी डिक्शनरी उघडू नका, ती अर्थ सांगते, मागे काय येतं ते बहुतेक वेळा सांगत नाही. लर्नर्स डिक्शनरी उघडा, ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन, तिन्ही ऑनलाइन फुकट आहेत, त्यात प्रेपोझिशन ठळक अक्षरात असतं. या डिक्शनऱ्या आपल्यासारख्यांसाठीच जन्मल्यात. ए. एस. हॉर्नबी नावाचा इंग्रज जपानमध्ये इंग्लिश शिकवायचा, कुठल्या क्रियापदानंतर काय येतं याचे पॅटर्न देणारी डिक्शनरी त्याने सहकाऱ्यांबरोबर केली, ती १९४२ मध्ये टोकियोत निघाली आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने छापली, आजची ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स तिथून आली.

दुसरं हत्यार गूगलचं एनग्रॅम व्ह्यूअर. दोन प्रयोग स्वल्पविराम देऊन टाका, छापील पुस्तकांमध्ये कुठला किती येतो त्याचा ग्राफ दिसतो. फक्त आंधळेपणाने वापरू नका, 'मॅरीड विथ' टाकलं तरी रेघ दिसेल, कारण 'मॅरीड विथ टू चिल्ड्रन' असतं, म्हणजे लग्न झालंय आणि दोन मुलं आहेत. नुसता ग्राफ बघून मुलांशी लग्न लावू नका.

अमेरिकन सिरीज बघणाऱ्यांना एक अडचण येईल, तिथे 'राइट मी' म्हणतात, 'प्रोटेस्ट द डिसिजन', 'अपील द व्हर्डिक्ट' म्हणतात, ब्रिटिश लोक राइट टू, प्रोटेस्ट अगेन्स्ट, अपील अगेन्स्ट. दोन्ही बरोबर आहे. एमपीएससी नाहीतर बँकेचा पेपर द्यायचा असेल तर ब्रिटिश बाजू धरून ठेवा, आपल्याकडचं व्याकरण तिकडूनच आलंय, आणि अमेरिकेतल्या क्लायंटला मेल लिहिताना 'राइट टू' लिहिलं तरी त्याला काही खटकणार नाही.